झिजलेल्या बुशाची बखर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या जुन्या एसयूव्हीच्या पुढच्या अंगाने आवाज येऊ लागला. गतिरोधकावरून गाडी तिरकी उतरली की डावीकडून एक कोरडा 'टक्' ऐकू येई. सपाट रस्त्यावर मात्र सारे शांत. गाडी अठरा वर्षांची असल्याने तिच्या कुरबुरींकडे दुर्लक्ष करण्याचा आम्हांला सराव झालेला आहे. तरीही घाटातल्या एका वळणावर तिचा देह नेहमीपेक्षा क्षणभर अधिक कलला, मग सावरला, आणि त्या सावरण्याच्या क्षणीच तो 'टक्' पुन्हा उमटला. तेव्हा आम्ही गॅरेज गाठले.

मिस्त्रींनी गाडी पिटवर घेतली, खाली उतरून पुढच्या चाकांच्या मधून आडवा गेलेला एक पोलादी दांडा मुठीत धरला आणि हलवला. तो हलला. हलायला नको होता.

"स्टॅबिलायझरचे बुश गेले, सर," ते खालूनच म्हणाले. "रॉडला काही होत नाही. रॉड गाडीबरोबर येतो, गाडीबरोबर जातो. जातं ते रबर."

दोन रबरी बुश, त्यांना चेसिसशी जखडणाऱ्या दोन पट्ट्या आणि चार बोल्ट, एवढाच हा मामला. दोन्ही नवे बुश मिळून एका बऱ्यापैकी पुस्तकाच्या किमतीत आले. साहित्याची चर्चा करणाऱ्या पानावर एवढ्याशा रबराचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील तर ते रास्तच आहे. परंतु त्या दांड्याचा इतिहास आम्ही जसजसा वाचत गेलो, तसतसे लक्षात आले की दांड्याविषयी पेटंट आहे, गाजलेले पुस्तक आहे, संसदीय चौकशी आहे, कायदा आहे. मिस्त्री ज्याला 'जातं' म्हणाले त्या रबराविषयी मात्र जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही. इतिहासाने काय टिपले आणि काय टिपले नाही, हा प्रश्न आमच्या वाचकांना परका नसावा.

आधी दांड्याचे काम समजून घेऊ. हा दांडा इंग्रजी 'यू' अक्षरासारखा वाकवलेला असतो. त्याची दोन टोके दोन चाकांच्या बाजूंना जोडलेली, आणि मधला आडवा भाग दोन बुशांतून गाडीच्या सांगाड्याला धरलेला. दोन्ही चाके एकाच वेळी सारखीच वर उचलली गेली, तर दांडा बुशांत नुसता फिरतो. त्याला काही करायचे नसते. पण एकच चाक वर गेले, किंवा वळणावर गाडीचा देह बाहेरच्या अंगाला झुकला, की दांड्याची टोके परस्परविरुद्ध दिशांना ओढली जातात आणि दांडा पिळला जातो. पीळ सोडवून घेण्याची त्याची धडपड हीच गाडीचे कलणे आवरते. दांड्याचा हा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो: २४ मिलिमीटरऐवजी २६ मिलिमीटरचा दांडा घातला तर तो सुमारे ३८ टक्के अधिक ताठ होतो. दोन मिलिमीटरला एवढे महत्त्व असेल, तर झिजलेल्या बुशात तेवढीच मोकळी जागा पडल्यावर काय होत असेल याची कल्पना करता येते. चाक उचलले जाते, दांडा आधी त्या रिकाम्या जागेतून सरकतो, आणि मगच कामाला लागतो. दांडा पोचतो, पण उशिरा. आम्ही ऐकत होतो तो 'टक्' म्हणजे त्याच्या उशिरा पोचण्याचा आवाज होता. (झिजलेल्या बुशाने गाडी उलटते असे आम्हांला सुचवायचे नाही, ती अतिशयोक्ती होईल. गाडी ढिली होते, चालकाच्या हाताला उत्तर उशिरा देते, एवढेच.)

'बुश' हा शब्द आमच्या गॅरेजांत इतका रुळला आहे की त्याचे परकेपण कोणाला जाणवत नाही. इंग्रजीत तो डच भाषेतून आला. मूळ अर्थ डबी किंवा पेटी, आणि यंत्रातला त्याचा जुना उपयोग गाडीच्या चाकाशीच निगडित: चाकाच्या तुंब्यात आस घासून लाकूड खाऊ नये म्हणून बसवलेली धातूची नळी. म्हणजे बुश हा मोटारीपेक्षा पुष्कळ जुना. बैलगाडीच्या तुंब्यातही अशी लोखंडी नळी असते, आणि तिला वंगण वेळेवर दिले नाही तर चाक कसे कुरकुरते हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना आमचा 'टक्' फार वेगळा वाटणार नाही. दोन कठीण वस्तूंनी एकमेकींना खाऊ नये म्हणून त्यांच्यामध्ये आपण झिजणारी तिसरी वस्तू ठेवायची, ही युक्ती मूळची गाडीवानांची आहे.

दांड्याचे पेटंट मात्र विसाव्या शतकातले. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात फ्रेडरिक्टन येथे राहणाऱ्या स्टीफन कोलमन यांना ते २२ एप्रिल १९१९ रोजी मिळाले. पण शोध लागला म्हणजे वापर सुरू झाला असे होत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुतेक मोटारींना या दांड्याची निकड नव्हती, कारण त्यांचे पाटेच इतके कडक असत की कलण्याला फारसा वाव उरत नसे. त्या काळचा प्रवासी हाडे खिळखिळी होईपर्यंत हादरे सोसत असे. त्याची गाडी मात्र वळणावर फारशी झुकत नसे. पुढे आरामाची मागणी वाढली, स्प्रिंगा मऊ झाल्या, आणि मऊपणाबरोबर झुकणे आले. दांड्याचा प्रसार झाला तो या झुकण्यावरचा उतारा म्हणून, मुख्यतः १९५० नंतर. सुखाची किंमत अशी दुसऱ्याच एखाद्या सुट्या भागाच्या रूपाने चुकवावी लागते. आणि ती चुकवायची की नाही, याचा निर्णय कारखान्यात कोणीतरी हिशेबाची वही पुढे ठेवून घेत असतो.

असा एक निर्णय जगाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. १९५९ च्या शरद ऋतूत जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाने कॉर्व्हेर ही मोटार बाजारात आणली. तिचे इंजिन मागे, हवेने थंड होणारे, सहा सिलिंडरांचे. अमेरिकेत अशी मोठ्या कारखान्याची गाडी नवलाचीच होती. तिच्या मागच्या चाकांचे आस मधल्या सांध्यापासून झुलणारे होते. जोराने वळण घेताना गाडीचा मागचा भाग उचलला गेला, की बाहेरचे चाक आपल्या आसासह आत दुमडू लागे, रस्त्यावरची पकड अचानक सुटे, आणि गाडीची पाठ पुढे येई. पुढच्या चाकांना स्थैर्याचा दांडा दिला असता तर वळणाचा भार पुढे अधिक पडून मागच्या चाकांवरचा ताण हलका झाला असता. १९६० च्या मूळ गाडीत तो दांडा दिलेला नव्हता.

त्याऐवजी कंपनीने काय केले, हे आम्हांला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत बोलके वाटते. तिने टायरमधल्या हवेचा हिशेब मांडला: थंड टायरमध्ये पुढे १५ पौंड आणि मागे २६ पौंड हवा भरावी. पुढची चाके मुद्दाम ढिली ठेवली की तीच आधी घसरतील आणि पाठ सांभाळली जाईल, असा तो विचार. शास्त्र म्हणून तो चुकीचा नव्हता. पण याचा अर्थ असा, की जे काम पोलादाच्या एका दांड्याने आयुष्यभर मुकाट्याने केले असते, ते आता मालकाने दर पंधरवड्याला पेट्रोलपंपावर उभे राहून करायचे. आणि चारही चाकांत सारखीच हवा भरणे हाच ज्याचा नित्याचा पाठ, त्या पंपावरच्या मुलाने ते चुकवायचे नाही. रचनेतली उणीव अशी निगराणीच्या खात्यावर चढवली गेली. निगराणीत चूक झाली, तर दोष अर्थातच निगराणी करणाराचा.

१९६२ पासून दांडा जादा पैसे देऊन घेता येई. १९६४ च्या गाडीत तो मुळातच आला, आणि १९६५ साली मागची सारी रचनाच बदलली. तोपर्यंत कंपनीवर शंभराहून अधिक दावे दाखल झाले होते. त्या दांड्याची किंमत किती होती? जॉन डिलोरियन यांच्या आठवणींवर आधारलेले, जे. पॅट्रिक राइट यांनी लिहिलेले 'ऑन अ क्लिअर डे यू कॅन सी जनरल मोटर्स' हे पुस्तक १९७९ साली निघाले. त्यात गाडीमागे सुमारे १५ डॉलर असा आकडा येतो. डिलोरियन हे त्याच कंपनीत वरच्या पदावर होते आणि पुढे तिच्यातून बाहेर पडले. तेव्हा त्यांच्या कथनाला साक्षीचे मोल द्यायचे की रुसव्याचे, हे ज्याने त्याने ठरवावे. आमचे मत असे की आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी तराजूची पारडी बदलत नाहीत.

३० नोव्हेंबर १९६५ रोजी राल्फ नेडर या तरुण वकिलाचे 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले प्रकरण कॉर्व्हेरवर आहे. आरोपपत्राच्या वाङ्मयात या पुस्तकाचे स्थान फार वरचे, आणि गद्याचा अभ्यास करणाऱ्यांनी ते त्या दृष्टीनेही वाचावे असे आम्ही सुचवू. तोवर अपघाताच्या गोष्टीत नायक आणि खलनायक एकच असे: चालक. त्याने वेग आवरला नाही, तो प्यायला होता, त्याला झोप लागली. नेडर यांनी कथेचा कर्ता बदलला. चालकाच्या मागे उभा असलेला आरेखक आणि त्याच्याही मागे बसलेला हिशेबनीस त्यांनी पुढे ओढून आणला. पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. कंपनीने त्यांच्या मागावर खाजगी हेर लावले. २२ मार्च १९६६ रोजी कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. आणि ९ सप्टेंबर १९६६ रोजी मोटार-सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला.

पण गोष्ट तेथे संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच कायद्यातून उगवलेल्या सुरक्षा-यंत्रणेने १९६० ते १९६३ च्या कॉर्व्हेरची चाचणी घेऊन १९७२ साली असा निष्कर्ष दिला, की समकालीन गाड्यांच्या तुलनेत तिच्यात ताबा सुटण्याचा धोका अधिक नव्हता. नेडर यांनी तो मान्य केला नाही. गाडीचे चाहते आजही तो अहवाल पुढे करतात, टीकाकार पुस्तक पुढे करतात. आमच्यापुरते आम्ही एवढेच पाहतो की १९६४ साली कंपनीने दांडा बसवला. उणीव नसती तर हिशेबनिसाने त्या खर्चाला मान्यता दिली नसती.

आता एसयूव्हीकडे येऊ. हिचे मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये आहे, आणि महाराष्ट्राचा तिच्याशी संबंध जुना: विलीज जीपचे सुटे भाग आणून त्या जोडण्याचे काम महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत सुरू केले. जीप हा अगदी सरळ प्राणी. चारही बाजूंना पाटे, दोन सलग आस, आणि प्रवाशांच्या पाठीविषयी पूर्ण उदासीनता. पुढे त्याच उंचीत आराम हवा असे वाटू लागले. पुण्यात तयार झालेल्या टाटांच्या सुमो (१९९४) आणि सफारी (१९९८), नाशिकची स्कॉर्पिओ (२००२) या गाड्यांनी मराठी मध्यमवर्गाला उंचावर बसण्याची चटक लावली. लग्नाचे वऱ्हाड, पंढरीची फेरी, निवडणुकीचा प्रचार, सारे या उंच आसनांवरून होऊ लागले. देह उंच, वजन भारी आणि स्प्रिंगा मऊ अशी तीन लक्षणे एकत्र आली की दांडा हा चैनीचा भाग राहत नाही. आमच्या गाडीखालचा तो आडवा रॉड तेथे का आहे, याचे उत्तर या तीन विशेषणांत आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न अधिक क्रूरपणे पुढे आला. १९८८ साली 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या नियतकालिकाने सुझुकी सामुराय ही छोटी एसयूव्ही वळणावर उलटू शकते म्हणून अस्वीकारार्ह ठरवली. कंपनीने दावा लावला आणि तो २००४ साली तडजोडीने मिटला. त्याहून मोठे प्रकरण फोर्ड एक्सप्लोररचे. तिच्यावरचे फायरस्टोन टायर धावता धावता सोलपटून निघत आणि गाडी उलटे. ९ ऑगस्ट २००० रोजी सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले. अमेरिकेत दोनशेहून अधिक मृत्यू या टायरांशी जोडले गेले. टायर कंपनी म्हणे गाडी सदोष, गाडीची कंपनी म्हणे टायर सदोष. आमचे लक्ष वेधून घेतले ते एका आकड्याने. या गाडीच्या टायरांत फोर्डने २६ पौंड हवा सांगितली होती. गाडी बाजारात येण्यापूर्वीच्या चाचण्यांत स्थैर्याविषयी शंका आल्यावर रचनेत मोठा बदल करण्याऐवजी टायरची हवा कमी करण्याचा मार्ग पत्करला गेला, असे नंतर उघड झालेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून टीकाकारांनी दाखवून दिले. हवा कमी म्हणजे टायर अधिक तापणार. मालकाने दुर्लक्ष केले की ती आणखी कमी होणार. कॉर्व्हेरनंतर तीस वर्षांनी, वेगळ्या कंपनीत, वेगळ्या जातीच्या गाडीत, पुन्हा तोच हिशेब: कारखान्यात न सुटलेले गणित मालकाच्या हवा-मापकावर सोडवायचे.

या प्रकरणानंतर नोव्हेंबर २००० मध्ये नवा कायदा आला. गाड्यांना उलटण्याच्या धोक्यानुसार गुण देण्याची पद्धत २००१ पासून सुरू झाली. २०१२ च्या मॉडेलांपासून सर्व हलक्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक स्थैर्य-नियंत्रण सक्तीचे झाले, म्हणजे घसरणारे चाक ओळखून ब्रेक आपोआप लागू लागले. यातल्या प्रत्येक पावलाचे आम्ही स्वागत करतो. पण एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. ही सारी व्यवस्था गाडीच्या जन्माच्या दिवसाकडे पाहते. गाडी कारखान्यातून निघते तेव्हा कशी आहे, हे ती मोजते. अठराव्या वर्षी कशी आहे, हे पाहण्याची वेळ आपल्याकडे खाजगी गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे संपल्यावर आणि मग दर पाच वर्षांनी येते. मधल्या काळात गाडी सुरक्षित ठेवण्याचे काम ज्याच्याकडे असते, त्याला या इतिहासात नाव नाही.

आणि रबर? त्याचा जन्म इतिहासाने टिपला आहे, तोही रक्ताच्या शाईने. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना कच्च्या रबरात गंधक मिसळून ते तापवण्याची कृती सापडली. उन्हात चिकटणारा आणि थंडीत तडकणारा चीक तीमुळे टिकाऊ झाला. १८७६ साली हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधून रबराच्या झाडाच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या आणि त्यांची रोपे आशियाच्या वाटेला लागली. लागवडीचे रबर बाजारात येईपर्यंतच्या काळात जंगली रबराची भूक कांगोने भागवली. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीच्या त्या प्रदेशात रबराचा कोटा भरला नाही म्हणून माणसांचे हात तोडले जात. रॉजर केसमेंट यांचा त्यावरचा अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला. आमच्या विद्यार्थी वाचकांनी कॉनरॅडची 'हार्ट ऑफ डार्कनेस' अभ्यासक्रमात वाचलेली असते. ती १८९९ सालची, आणि तिच्यातला लोभ हस्तिदंताचा आहे. पण त्या वर्षांत कांगोच्या निर्यातीत हस्तिदंताला मागे टाकून रबर पुढे गेलेले होते. कादंबरीच्या पानांत फारसे न दिसणारे हे रबर त्या वेळी युरोपच्या सायकली आणि मोटारी धावती ठेवत होते. पुढे १९०२ साली केरळात पेरियार नदीकाठी तट्टेकाड येथे भारतातली पहिली व्यापारी लागवड झाली, आणि रबर मंडळाचे कार्यालय आज कोट्टायमला आहे.

यंत्राच्या सांध्यांत रबर शिरले ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. १९३१ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीचे इंजिन रबराच्या आधारांवर ठेवले आणि 'फ्लोटिंग पॉवर' या नावाने त्याचा गाजावाजा केला. धातूचा बुश वंगण मागतो, रबराचा मागत नाही. शिवाय तो हादरा आपल्या अंगावर जिरवतो. वंगण नको म्हटल्यावर त्याच्याकडे पाहण्याची गरज उरली नाही, आणि पाहण्याची गरज उरली नाही म्हणून त्याचे झिजणेही कोणाच्या डोळ्यांना दिसेनासे झाले. बैलगाडीचा बुश दर काही दिवसांनी आपली आठवण करून देई. आमचा बुश अठरा वर्षे गप्प होता. त्या काळात हवेतला ओझोन त्याच्या पृष्ठभागावर बारीक चिरा पाडत होता, प्राणवायू त्याला कठीण करत होता, इंजिनमधून ठिबकलेले तेल त्याला एका अंगाने फुगवत होते, आणि रस्त्याची धूळ त्याच्या आत शिरून कानशीसारखी चालत होती.

डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या २००६ सालच्या ग्रंथात तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांवर असा आक्षेप घेतला, की ते शोधांच्या तारखा मांडतात आणि वापराचा, देखभालीचा, दुरुस्तीचा विस्तीर्ण प्रदेश मोकळा सोडतात. मराठीत तरी वेगळे काय आहे? आपल्याकडे कारखानदारांची चरित्रे आहेत, गौरवग्रंथ आहेत. गॅरेजचा इतिहास नाही. गंमत अशी की भाषेत शब्दांची ददात मुळीच नाही. 'दुरुस्ती' आपण फार्सीतून घेतली, 'मरम्मत' अरबीतून. 'डागडुजी'ही आहेच. 'जीर्णोद्धार' मात्र संस्कृत आणि तो देवळांसाठी राखीव. ज्याचा जीर्णोद्धार होतो त्याचा शिलालेख लागतो. ज्याची मरम्मत होते त्याचा फार तर खर्च मांडला जातो.

एक अपवाद सांगायला हवा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात सुतार-लोहारांच्या कामाची आणि त्यांच्या बलुत्याची तपशीलवार चिकित्सा आहे. औते नीट राखणे हे या कारूंचे काम, आणि त्याबद्दल पिकातला वाटा. म्हणजे दुरुस्ती ही मोडल्यावर धावत जाऊन विकत घेण्याची वस्तू नव्हती. ती गावाच्या रचनेत आधीच मोजलेली होती. या आठवणीने हळवे होण्याचे मात्र कारण नाही. ही मोजणी जातीच्या फूटपट्टीने होत असे. कोणाच्या वाट्याला कोणते काम आणि किती मान, हे जन्माने ठरे. ती व्यवस्था खालून कशी दिसत होती हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) उघडावे. राखणदारीला कमी लेखण्याची आपली सवय त्या फूटपट्टीपासूनच लागली असावी असा आम्हांला दाट संशय आहे. चाक घडवणारा तेवढा कलावंत, वंगण घालणारा हरकाम्या.

असो. पिटमधले काम चालू होते. पट्ट्यांचे बोल्ट गंजाने धरले होते. त्यांवर तेल मारून मिस्त्री चहाला गेले आणि येऊन त्यांनी ते निमूटपणे सोडवले. जुने बुश निघाले तेव्हा त्यांचे गोल छिद्र लांबट झालेले दिसले, आणि दांड्यावर, ते बसत होते तेथे, पोलाद आरशासारखे घासून निघालेले. मिस्त्रींनी व्हर्निअरने दांडा मोजला. नवा बुश पाऊण मिलिमीटरने सैल बसेल असे दिसताच ते म्हणाले, "ट्यूबची पट्टी लावून देऊ? बसेल एकदम टाइट." जुन्या टायरच्या ट्यूबची पट्टी कापून दांड्याभोवती गुंडाळायची, ही आपल्याकडची सर्वमान्य युक्ती.

आम्हांला त्या क्षणी रॉबर्ट पिर्सिग आठवले. 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' (१९७४) या पुस्तकात असाच प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या मोटरसायकलचे हँडल पकडीत सैल झालेले असते. निवेदक बिअरच्या डब्याचा पत्रा कापून पाचर बसवू म्हणतो, आणि मित्राला तो आपल्या गाडीचा अपमान वाटतो. त्या प्रसंगात लेखकाची सहानुभूती पत्र्याच्या बाजूला आहे, आणि तर्काने पाहता ती बरोबरच आहे. आम्ही मात्र मित्राच्या बाजूला गेलो, पण मानापमानासाठी नव्हे. ट्यूबचे रबर हवा धरून ठेवण्यासाठी बनवलेले, पीळ सोसण्यासाठी नव्हे. काही महिन्यांत ते चुरगळून बाहेर येईल आणि तो 'टक्' परत येईल. आम्ही तसे म्हटल्यावर मिस्त्री हसले. "बरोबर आहे, सर. पण दहातले आठ जण पट्टीच लावून घेतात. दुसरा साइझ मागवायचा तर उद्या येणार, आणि गाडी एक दिवस उभी." ज्याची गाडी भाड्याने चालते त्याला एका दिवसाची किंमत काय, हे आम्हांला सांगण्याची गरज नव्हती. आमची गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत उभी राहिली, कारण आम्हांला ते परवडत होते.

दुसऱ्या दिवशी योग्य मापाचे बुश आले. मिस्त्रींनी दांड्यावरचा गंज पॉलिश पेपरने काढला. ग्रीसचा डबा पुढे करणाऱ्या पोऱ्याला त्यांनी अडवले: साध्या ग्रीसमधले तेल रबर फुगवते. साबणाचे पाणी लावून त्यांनी बुशाची चीर उघडली, बुश दांड्यावर चढवला, पट्टी बसवली आणि बोल्ट हातानेच अर्धे आवळले. मग जॅक काढून गाडी चारही चाकांवर आणली, बॉनेटवर दोनदा जोराने दाबली आणि वजन चाकांवर असतानाच बोल्ट शेवटचे आवळले. हवेत लटकत्या गाडीवर आवळले तर रबर चुकीच्या जागी पीळ धरून बसते, हे त्यांनी आम्हांला सांगितले नाही, आम्ही विचारले तेव्हा नुसतेच म्हणाले, "असंच करतात." आम्ही त्यांचा गुरू कोण म्हणून विचारले. त्यांनी स्टेशनजवळच्या एका गॅरेजचे नाव घेतले; ते मोडून आता तेथे मोबाइलचे दुकान आहे.

बिलावर त्यांनी लिहिले: 'बुश २ नग, मजुरी.' किलोमीटरचा आकडा लिहायला सांगितला तेव्हा त्यांनी प्रश्नार्थक पाहिले, मग काचेतून वाकून मीटर पाहिला आणि तो आकडा कोपऱ्यात लिहून दिला. जुने बुश आम्ही मागून घेतले. परतीच्या वाटेवर तोच गतिरोधक होता. डावे चाक आधी उतरले, मग उजवे, आणि गाडी पुढे गेली.